बाबांना वाघांनी सोडलं

इथले तुमचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा हसत वाचतोय. राग नका मानू. माझा धंदाच तसा आहे. मी गाड्यांच्या इन्शुरन्स क्लेमचा सर्व्हेयर. "साहेब, गाडी उभी होती, झाडच येऊन आदळलं" असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मला रोज भेटतात. डेंट बघायचा, कुठला रंग कशावर घासलाय ते बघायचं आणि समोरच्याचं एक अक्षर खरं मानायचं नाही – याचाच मला पगार मिळतो. भूत, चकवा, अंगात येणं, असल्या विषयांना आमच्या घरात थारा नाही. सुलभा, म्हणजे माझी बायको, तर मुद्दाम अमावस्या बघून केस धुणारी.

तरी हे लिहायला बसलोय. कारण मागच्या महिन्यात आमची मुलगी मुग्धा जेवताना सहज एक गोष्ट बोलून गेली आणि माझा घास तसाच हातात राहिला. ती गोष्ट तिच्या जागी येईलच. आधी सगळं नीट क्रमाने सांगतो.

तर... माझं आडनाव वाघ. हसून घ्या, मी थांबतो. शाळेपासून ऐकतोय – वाघ आज डबा विसरला, वाघाला सर्दी झालीय, वाघ बायकोला घाबरतो. आता काही वाटत नाही. पण या गोष्टीत आडनाव महत्त्वाचं आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझे वडील मुंबईच्या गोदीत होते. शिवडीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही वाढलो. बाबा रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून मीरा रोडला फ्लॅट घेतला, पेणकरपाड्याच्या बाजूला. तेव्हा तिथे एका साच्यातून काढल्यासारख्या पिवळ्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या. मला स्वतःला पहिले सहा महिने आपली विंग ओळखायला खाली लावलेल्या स्कूटरी बघाव्या लागायच्या. बाबांचं काय होणार होतं?

दोन हजार चारच्या सुमाराला बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ली, मग घर. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, थांबणार नाही. दूध आणायला म्हणून खाली उतरायचे आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या मेहता भाभींची बेल दाबायचे. भाभी बिचारी देवमाणूस. बाबांना चहा पाजून, हाताला धरून आणून सोडायची आणि वर मलाच दम द्यायची, "प्रकाशभाई, वाघ अंकल ने हमारे यहाँ ढोकला खाया है, अब घर में फिर से मत खिलाना हाँ!"

बाबांच्या दोन सवयी मात्र काही केल्या पुसल्या गेल्या नाहीत. पहिली म्हणजे कोणीही भेटलं की आधी आडनाव विचारायचं. "आपलं आडनाव?" हे झालं की "कुठले आपण?" आणि मग त्या गावातल्या कुणाशी तरी त्या माणसाचं नातं जुळवूनच सोडायचं. फळवाला म्हणाला, "यादव." तर बाबा खूश होऊन, "म्हणजे आमचे जाधवच की हो!" त्या दिवसापासून यादव त्यांना एक केळं जास्त द्यायचा.

दुसरी सवय म्हणजे हाकेला ओ देण्याची. "बाबा" म्हटलं तर आता लक्षच जात नसे. नावाने हाक मारली तरी नाही. पण "वाघ!" म्हणून हाक मारा – सगळी नोकरी गोदीत हीच हाक ऐकलेली ना – माणूस कुठेही, कसाही असो, खणखणीत "ओ!" यायची. त्यामुळे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, दूधवाला, मेहता भाभी, मी, सुलभा... आम्ही सगळेच त्यांना शोधताना "ओ वाघ! वाघ!" असं ओरडत फिरायचो. पोटचा मुलगा बापाला आडनावाने हाक मारतोय, हे नवीन माणसाला विचित्र वाटायचं. पण त्यानेच ते सापडायचे, मग आम्ही कशाला लाजतोय.

मुग्धा तेव्हा दहा वर्षांची होती आणि वाघासाठी वेडी झाली होती. शाळेत प्रोजेक्ट केला होता. मी म्हटलं, घरात चार-चार वाघ आहेत, ते पुरत नाहीत का? तर म्हणे, "खरा पाहिजे." शेवटी दोन हजार सहाच्या जानेवारीत आम्ही निघालो. बाबांचं काय करायचं यावर माझं आणि सुलभाचं वाजलंच. मी म्हणत होतो, चार दिवस त्यांना बहिणीकडे ठेवू. सुलभा म्हणाली, "अहो, आज नेलं तर निदान आजचा दिवस तरी बघतील. पुढच्या वर्षी कुणाला नेणार?" मी चार तिकिटं काढली.

जंगल चंद्रपूरकडचं. नाव लिहीत नाही. ज्यांनी वाघ बघायला महाराष्ट्रात प्रवास केलाय त्यांना कळेलच, आणि तिथल्या आमच्या गाईडला उगाच त्रास नको. रात्रीच्या गाडीने नागपूर, तिथून एक सुमो घेतली. तेव्हा स्वतःची गाडी घेऊन आत जाता यायचं, फक्त सोबत तिथला गाईड घ्यावा लागायचा. आमचा गाईड देवराव. सडपातळ, गळ्यात मफलर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "जी". नाव ऐकून म्हणाला, "वाघ साहेब, तुमाले नाही दिसला तर मंग कोणाले दिसन जी?" हा विनोद त्याने दोन दिवसांत किमान दहा वेळा केला असेल.

पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. म्हणजे चितळं दिसली, गवे दिसले, अस्वलाची पाठ दिसली. मुग्धाने माझ्या कॅमेऱ्याचा अख्खा रोल चितळांवर संपवला. "बाबा, ही बघ कशी बघतेय!" क्लिक. "ही बघ ना!" क्लिक. दुसरा रोल खोलीवर बॅगेत राहिला. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आत गेलो. थंडी अशी की बाबांना दोन स्वेटर आणि माकडटोपी घालून मध्ये बसवलं होतं. आत एक मोठं तळं आहे. त्याच्या काठाला एका ठिकाणी गाडीतून उतरायला परवानगी होती, बाथरूम वगैरे तिथेच. ऊन चांगलं पसरलं होतं. तीन-चार गाड्या उभ्या होत्या. बाबांना बाकावर बसवलं, त्यांचा चष्मा पुसायला म्हणून सुलभाने काढून पर्समध्ये ठेवला, मेहता भाभींनी दिलेले ठेपले बाहेर निघाले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, मगर! पाण्यातल्या दगडावर मगर पडली होती. मुग्धाला दुर्बिणीतून दिसेना, मी दाखवत होतो, सुलभा "कुठाय, कुठाय" करत होती. मग मगर दिसली, आणि आम्ही मागे वळलो.

बाकावर फक्त माकडटोपी होती.

सुरुवातीला मी घाबरलोही नाही. मीरा रोडला हे आठवड्यातून दोनदा व्हायचं. बाथरूममागे बघितलं, गाड्यांमध्ये बघितलं. देवराव पलीकडे जाऊन आला. नाहीत. मग एकदम लक्षात आलं की इथे मेहता भाभी नाही. इथे वॉचमन नाही. गुडघे दुखतात म्हणून स्टेशनपर्यंतही चालू न शकणारा माझा सत्तरीचा बाप चष्म्याशिवाय वाघांच्या जंगलात शिरलाय. तोंडचं पाणी पळालं माझ्या. आणि मी तेच केलं जे आम्ही नेहमी करायचो. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो –

"वाघ! ओ वाघ! वाघ!"

जे काय झालं ते विचारू नका. नागपूरचं एक कुटुंब डबा खात बसलं होतं. त्यातली आजीबाई डबा टाकून सगळ्यांच्या आधी गाडीत. एकजण "किधर? किधर?" करत कॅमेरा काढतोय, एकजण दार लावतोय, दोन पोरं रडतायत. आणि सुलभाही माझ्या शेजारी उभी राहून ओरडतेय, "वाघ! अहो वाघ! इकडे या ना!"

देवरावने धावत येऊन माझा हात खाली ओढला. चेहरा पांढराफटक. "साहेब, काऊन ओरडून रायले जी! असं नाव घेऊन जंगलात हाक नाही मारत!"

"अरे, वडिलांना बोलावतोय मी!"

"तुमी बोलावता वडलाले," तो म्हणाला, "पन ऐकतो कोन, त्याचा काय नेम जी?"

आमच्यातली म्हातारी माणसं आत आली की हा शब्दच उच्चारत नाहीत, असं काहीतरी तो पुढे पुटपुटत होता. मी त्याला एक शिवी हासडली, तीही इथे लिहीत नाही. आणि परत ओरडलो. "वाघ! ओ वाघ!"

आणि यावेळी उत्तर आलं.

तळ्याच्या डावीकडे बांबूचं दाट रान होतं. तिथून, बऱ्याच आतून, लांबलचक, घशातून काढलेला आवाज आला. आ...ऊं...घ. मुग्धा आनंदाने उडी मारून म्हणाली, "आजोबांनी ओ दिली!" सुलभाने माझा दंड इतक्या जोरात धरला की संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांचे वळ होते. ती म्हणाली, "अहो, हा बाबांचा आवाज नाहीये."

झाडांवरची वानरं खेकसायला लागली. खॉक, खॉक, खॉक. सगळ्या जंगलाला जाग आली.

वनखात्याचे दोन गार्ड काठ्या घेऊन त्या बाजूला पायी गेले. मला सोडेनात. मी आणि देवराव सुमो घेऊन रस्त्याने शोधायला लागलो. सुलभा आणि मुग्धाला त्या नागपूरवाल्या आजींनी आपल्या गाडीत घेतलं. गाडीत मी काय काय बोलत होतो कोण जाणे. देवाला नवस बोललो हे मात्र आठवतंय, आणि मी आयुष्यात कधी नवस बोललेलो नाही. आईची आठवण आली. ती जाताना एवढंच म्हणाली होती, "यांना सांभाळ." एका वळणावर झुडपात काहीतरी लालसर हललं आणि मी गाडी थांबवायला लावली. बघतो तर रानकोंबडा.

पाऊण एक तास आम्ही असे फिरलो असू. तळ्याला वळसा घालून पार पलीकडच्या रस्त्याला लागलो. तिथे रस्ता सरळ लांबवर दिसतो, दोन्ही बाजूंना बांबू, मध्ये पिठासारखी मऊ धूळ. ड्रायव्हरनेच आधी बघितलं. "साब, वो... वो अंकल हैं क्या?"

बाबा येत होते. रस्त्याच्या मधून, सावकाश, रोज संध्याकाळी कंपाउंडमध्ये फेऱ्या मारतात तसे. डोकं उघडं. आणि उजवा हात असा बाजूला काढलेला – कमरेपेक्षा जरा वर – जिना उतरताना कठड्यावर ठेवतो ना आपण, तसा. पण हाताखाली काहीच नव्हतं.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी गाडीतून उतरून पळत गेलो आणि त्यांना मिठी मारली. सत्तरीच्या बापाला मिठी मारायची आमच्यात पद्धत नाही, पण मारली. रडलोही. बाबा अवघडून उभे. माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले, "असू दे, असू दे." मी कोण, ते त्यांना त्या क्षणी माहीत होतं की नाही, देव जाणे.

अंगावर एक ओरखडा नाही. स्वेटरला एक काटा नाही, एक पान नाही. जिथून ते हरवले तिथून इथे यायचं तर मधलं सगळं काटेरी रान पार करायला हवं. देवराव सारखा मागे बघत म्हणत होता, "इकडून वाटच नाही जी. वाटच नाही."

बाबांना गाडीत बसवलं आणि मग मी धुळीकडे बघितलं. सवय, दुसरं काय.

बाबांच्या चपलांचे ठसे स्पष्ट होते. डाव्या पायाने ते जरा फरफटत चालायचे, तो फराटा दिसत होता. आणि त्यांच्या उजव्या बाजूला, अगदी लगत, दुसरे ठसे होते. माझा पंजा त्यात मावला असता. मी दहा-पंधरा पावलं मागे चालत गेलो. दोन्ही ठसे बरोबरीने.

देवराव कुजबुजला, "मागावर असन जी. वाचले वडील तुमचे."

आता ऐका. कुठला ओरखडा आधी पडला आणि कुठला नंतर, हे सांगणं माझं पोटापाण्याचं काम आहे. मागावर असता तर त्याचे ठसे सगळीकडे बाबांच्या ठशांच्या वर पडले असते. तसं नव्हतं. एके ठिकाणी पंजा बाबांच्या चपलेवर पडला होता. चार पावलं पुढे बाबांची चप्पल पंजावर. पुढे परत पंजा वर. एक जागा अशी होती, जिथे बाबा थांबले होते – दोन्ही चपला शेजारी शेजारी, दम खायला थांबतात तशा. तिथे तेही ठसे थांबले होते. चारही पाय. मग दोघं परत चालायला लागलेले.

आणि जिथून आमची सुमो पहिल्यांदा दिसली असेल, साधारण तिथे, ते मोठे ठसे रस्ता सोडून बांबूत वळले होते. घाईने नाही. पाहुण्याला कोपऱ्यापर्यंत सोडून माणूस घरी वळतो तसे.

फोटो? रोल चितळांवर संपला होता. सांगितलं ना मघाशी. मोबाइल होता, पण त्या मोबाइलला कॅमेरा नव्हता आणि तिथे रेंजही नव्हती. मी तिथे उभा असतानाच गार्डना घेऊन जीप आली, "मिले क्या, मिले क्या" करत सरळ त्या ठशांवरून. क्लेममध्ये असं कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला ऑफिसबाहेर काढला असता.

परत निघालो. सुलभा आणि मुग्धा गाडीत आल्या, त्यांचं रडणं-हसणं झालं. सुलभाने बाबांचे दोन्ही हात धरून ठेवले होते. मग मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "बाबा, कुठे गेला होतात?"

"कुठे म्हणजे? घरी निघालो होतो." बाबा जरा रागातच होते. "रस्ता चुकलो. सगळ्या बिल्डिंगी सारख्या बांधून ठेवल्यात. माणसाने ओळखायचं कसं?"

"मग?"

"मग काय, ते भेटले. त्यांनी सोडलं."

"कोणी?"

"वाघांनी."

ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. देवराव हात जोडून डोळे मिटून बसला.

"वाघांनी... सोडलं म्हणजे?" सुलभाने हळूच विचारलं.

"सोडलं म्हणजे सोडलं! पोचवलं. इथपर्यंत आणून सोडलं. मराठी कळत नाही का तुला?" बाबा म्हणाले. "आपल्यातलेच आहेत. वाघ. मी विचारलं ना, आपलं आडनाव? एकदा ऐकू नाही आलं, परत विचारलं. तेव्हा म्हणाले, वाघ. जरा घशातल्या घशात बोलतात. म्हटलं, वा! मीही वाघच. मग काय, बरोबरच निघालो."

"कुठले, विचारलंत?" हा प्रश्न मुग्धाचा. आजोबांची नात शोभते.

"विचारलं. ते काही बोलले नाहीत. मितभाषी गृहस्थ. पण माझ्यासाठी अगदी हळू चालले हो! मी थांबलो की थांबायचे. आजकाल कोण थांबतं?"

"दिसायला कसे होते, आजोबा?"

"चष्मा कुठे होता माझा?" म्हणून त्यांनी सुलभाकडे असं बघितलं की तिने घाईने पर्समधून चष्मा काढून दिला.

थोड्या वेळाने सुलभा म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठे काही खाल्लंत का? तुमच्या हाताला भाताचा वास येतोय." मी वास घेतला. खरंच येत होता. उजव्या हाताला. डाव्या नाही. आंबेमोहोर शिजायला लागला की पहिल्या वाफेला येतो तसा. जंगलाच्या मधोमध, ठेपल्यांशिवाय काही खाल्लं नसताना. देवरावने तो हात एकदा बघितला आणि तोंड खिडकीबाहेर वळवलं. गेटवर उतरताना तो पैसे घ्यायच्या आधी वाकून बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याला त्याचं आडनाव विचारलं.

त्या रात्री मी शांत झोपलो. खोटं कशाला बोलू, घाबरून जागा वगैरे राहिलो नाही. बाप सापडला होता, बाकी जगाचं मला काही पडलं नव्हतं. मुग्धाला त्या सहलीत वाघ दिसला नाही तो नाहीच. नागपूर येईपर्यंत तिची कुरकुर चालू होती – "आजोबांना एकट्यालाच दिसला!"

घरी आल्यावर मी सगळी स्पष्टीकरणं लावून बघितली. आवाज वाघाचा होता, तो योगायोग. ठसे आधीचे, तो योगायोग. मग चपलेवर पंजा कसा? बरं, वाघ शेजारून चालला असं धरलं, तर बाबांना त्या रानातून एकही काटा न लागता बाहेर कोणी काढलं? प्रत्येक वेळी एक पाय झाकावा तर दुसरा उघडा पडायचा. शेवटी हात टेकले आणि विषय बंद केला.

बाबा पुढेही हरवायचे. पण एक सांगतो, त्या दिवसानंतर आम्हाला शोधायला जावं लागलं नाही. तासाभराने आपले आपण गेटवर हजर. एकदा तर मोरव्याला पोचले होते म्हणे, स्टेशनच्या पार पलीकडे, भाईंदरला. तिथून परत आले. रिक्षा नाही, काही नाही. वॉचमन म्हणायचा, "वाघ साब खुद ही आये, अकेले." बाबा म्हणायचे, "एकटा कशाला? वाघांनी सोडलं गेटपर्यंत." आम्ही मान डोलवायचो. डोक्यात जे एकदा बसलं ते बसलं, असं सुलभाला वाटायचं. मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. पण बाबा बाहेर पडले की मी मागोमाग जिना उतरून धावायचो, ते बंद झालं.

आता मुग्धाची गोष्ट. ती सध्या झूऑलॉजी शिकतेय. मागच्या महिन्यात घरात आंबेमोहोर लावला होता. वास आल्याबरोबर मला म्हणाली, "बाबा, तुला माहितीये? वाघ झाडांवर खुणेसाठी फवारा मारतो ना, त्याला अस्साच वास येतो. सुवासिक तांदळात जे द्रव्य असतं, तेच त्यात असतं." आणि शांतपणे वरण वाढून घेतलं. जंगलात बाबांच्या हाताचा वास घेतला तेव्हा हे मला आणि सुलभाला माहीत नव्हतं. बाबांना तर नव्हतंच नव्हतं.

याचा अर्थ काय, मला विचारू नका. मी अजूनही रोज लोकांचे क्लेम नाकारतो. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि आता शोधतही नाही.

बाबा दोन हजार नऊमध्ये गेले. घरीच, झोपेत, काही त्रास न होता. पण त्याआधीचे तीन-चार महिने वाईट होते. कोणालाच ओळखत नव्हते, मलाही नाही. संध्याकाळ झाली की घाबरे व्हायचे. "मला घरी जायचंय, मला घरी सोडा" म्हणत पलंगावरून उठायला बघायचे. "बाबा, हेच आपलं घर" असं सांगितलं की अजूनच रडायचे. लहान मुलासारखे. औषधं झाली, डॉक्टर झाले. आम्ही दोघं अगदी मेटाकुटीला आलो होतो.

एका संध्याकाळी असेच रडत होते. मी पलंगाशेजारी जमिनीवर बसून त्यांचे पाय चेपत होतो. एकदम थांबले आणि माझ्याकडे, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, जरा परक्या अदबीने बघितलं.

"आपलं आडनाव?" त्यांनी विचारलं.

मी घशातल्या घशात म्हटलं, "वाघ."

"कोण?"

"वाघ."

त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. उजवा हात पलंगाबाहेर काढून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला, कठड्यावर ठेवावा तसा.

"वाघ ना?" बाबा म्हणाले. "अहो, मग काय काळजी. चला."